चौदाव्या दिवसानंतरचे सोयरे

घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही, पण कुणी उपाशीही राहत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, कुणी पातेलंभर खिचडी आणून ठेवतं, कुणी न सांगता चहाच्या कपबशा विसळून जातं. याला आपल्याकडे कडू घास म्हणतात. मग दहावा होतो, तेराव्याला गोड होतं, जवळचे सोयरे दुखवटा काढतात, कुणी लुगडं आणतं, कुणी टोपी-उपरणं. विदर्भात तेराव्याला तेरवं म्हणतात. घरातल्यांनी काय खायचं, कुणी कधी यायचं, कधी रडायचं आणि कधी उठून कामाला लागायचं, सगळं ठरलेलं असतं. तरुणपणी मला हा सगळा देखावा वाटायचा. आता वाटतं, ज्यांनी हे बसवलं त्यांना माणसाची चांगली पारख होती. हादरलेल्या माणसाला पुढच्या तासाभरात काय करायचं एवढंच सांगावं लागतं, आणि तेरा दिवस हे काम आपला समाज चोख करतो.

अडचण चौदाव्या दिवशी सुरू होते. भाड्याच्या सतरंज्या परत जातात, बाहेरगावचे सोयरे आपापल्या एसटीला लागतात. पुढे महिन्या-दीड महिन्यानं कुणी भेटतं ते थोडं घाबरतच. गेलेल्या माणसाचा विषय निघू नये म्हणून पावसापाण्याच्या गप्पा होतात. निघालाच, तर ठरलेली वाक्यं येतात. सावर आता. मुलांकडे बघ. जाणारा गेला. काळ हेच औषध. बोलणाऱ्याची माया खरी असते, पण या प्रत्येक वाक्यात एक छुपी विनंती असते: तू लवकर बरी हो, म्हणजे आम्हालाही तुझ्याकडे बघवेल. दुःखातल्या माणसाला ती विनंती बरोबर ऐकू येते. मग तो सावरल्यासारखा वागू लागतो आणि कपाटातला शर्ट एकटा असताना काढून बघतो.

अशा वेळी ज्याला तुम्ही बरे झालात काय नि न झालात काय, स्वतःसाठी काहीच फरक पडत नाही, असा माणूस लागतो. तो बहुधा नात्यातला नसतो. नात्यातले तर त्याच पुरात वाहत असतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, समदुःखी. हे समदुःखी एकमेकांना भेटतात कसे, भेटल्यावर नेमकं काय होतं आणि त्यातून कधीकधी सख्ख्यांहून घट्ट नाती का जुळतात, हे गेल्या साठेक वर्षांत बऱ्यापैकी तपासलं गेलं आहे. त्याची एक सुरुवात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या इस्पितळात झाली.

१९६८ चा मे महिना. कॉव्हेंट्री अँड वॉरविकशायर इस्पितळात दोन मुलगे होते. एकाला रस्त्यावर गाडीनं उडवलं होतं, दुसऱ्याला कर्करोग होता. त्यांचे आईवडील, लॉली आणि हेंडरसन दांपत्य, एकमेकांना ओळखतही नव्हते. थोड्याच दिवसांच्या अंतरानं दोन्ही मुलं गेली. सायमन स्टीफन्स नावाचा एक अगदी तरुण धर्मोपदेशक त्या इस्पितळात साहाय्यक म्हणून काम करत होता. दोन्ही घरांना धीर देणं हे त्याचं काम. त्यानं ते मनापासून केलं. हेंडरसनांचा मुलगा गेल्याचं कळल्यावर लॉलींनी त्यांच्याकडे फुलं पाठवली. हेंडरसनांनी आभार मानायला फोन केला आणि चौघं चहाला भेटले.

त्या चहात विशेष काही घडलं नाही. चौघं आपापल्या मुलाविषयी बोलले आणि कुणी विषय बदलला नाही, एवढंच. मुलाचं नाव घेतल्यावर समोरच्याचा चेहरा पडला नाही. रडू आलं तेव्हा कुणी पाण्याचा पेला पुढे करून थांबवलं नाही. चौघं पुन्हा भेटले, मग भेटतच राहिले. स्टीफन्सच्या लक्षात आलं की ही माणसं एकमेकांना जे देताहेत ते आपल्याला देता येत नाही. प्रशिक्षण झालेल्या माणसानं हे कबूल करणं सोपं नसतं. त्यानं कबूल केलं, आणि माझ्या मते या गोष्टीतला तोच खरा शोध. जानेवारी १९६९ मध्ये सहा माणसांच्या बैठकीत 'द कंपॅशनेट फ्रेंड्स' ही संस्था उभी राहिली. पुढे स्टीफन्सवरचा एक लेख मासिकात वाचून फ्लोरिडातल्या एका दांपत्यानं १९७२ मध्ये अमेरिकेतली पहिली शाखा काढली. आज तिथे शेकडो शाखा आहेत. त्यांच्या बैठकांची रीत साधी आहे. गोल बसायचं, स्वतःचं नाव सांगायचं, मुलाचं नाव सांगायचं, तो कसा गेला ते सांगायचं. बोलवत नसेल तर नुसतं बसायचं. मूल कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं, याची अट नाही. पन्नाशीचा मुलगा गमावलेली ऐंशीची म्हातारी तिथे आईच असते.

१९६९ हे साल या विषयात गमतीचं आहे. त्याच वर्षी एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंचं 'ऑन डेथ अँड डाइंग' प्रसिद्ध झालं आणि नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार या पाच पायऱ्या जगाच्या तोंडी बसल्या. आता त्या आपल्याकडच्या मालिकांतही येतात. मात्र एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या पायऱ्या त्यांनी स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांच्या अभ्यासातून त्या आलेल्या नव्हत्या. त्यामुळे तुमचा राग संपून खिन्नता अजून आली नसेल, तर तुमचं काही चुकत नाहीये. त्याच वर्षी कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांचं मृत्युप्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघालं, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा होता. म्हातारी गेली आणि मागोमाग म्हाताराही गेला, असं गावोगाव ऐकायला मिळतं. त्याला आकड्यांचा आधार मिळाला. चौदाव्या दिवसानंतरचा एकटेपणा नुसता मनाचा प्रश्न राहिला नाही.

अटलांटिकपलीकडे बोस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन विधवांवर काम करत होत्या. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रकल्पासाठी त्यांना एवढंच शोधायचं होतं, की नव्यानं विधवा झालेल्या बाईला मदत नेमकी कुणाची होते. डॉक्टर, पाद्री, समाजसेवक ही यादी तयारच होती. बायकांनी उत्तर दिलं, दुसऱ्या विधवेची. मग १९६७ पासून त्यांनी डॉर्चेस्टर या भागात एक वेगळाच प्रयोग केला. वैधव्यातून तावून निघालेल्या काही बायका कामावर घेतल्या. नवरा गेल्यावर काही आठवड्यांनी यातली एक बाई नव्या विधवेला पत्र लिहायची, की मीही यातून गेले आहे, अमुक दिवशी तुमच्याकडे येते, नको असेल तर कळवा. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणून ती थांबायची नाही, हे लक्षात घ्या. दुःखातलं माणूस कधीच सांगत नाही. ती दिवस आणि वेळ ठरवून दारात उभी राहायची.

याचा उपयोग होतो का, हे टोरांटोतल्या एका गटानं काटेकोर तपासलं. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६२ विधवा होत्या. त्यांतल्या ६८ जणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्रत्येकीला एकेक अनुभवी विधवा जोडून दिली. बाकीच्यांना आपापल्या वाटेनं जाऊ दिलं. दोन वर्षं चारदा विचारपूस केली. निष्कर्ष मोठा प्रामाणिक आहे. दोन्ही गट गेले त्याच रस्त्यानं, टप्पेही तेच लागले, फक्त जोडीदारीण मिळालेल्या बायका त्या टप्प्यांवर लवकर पोचल्या. समदुःखी माणूस दुःख कमी करत नाही, रस्ताही बदलत नाही. रात्रीच्या वाटेवर कुणी सोबतीला असलं की पाय जरा भराभर पडतात, तितकंच.

आणि सोबत करणाऱ्या बाईचं काय? फ्रँक रिसमन यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की परस्परमदतीच्या गटांत मदत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला बहुधा जास्त लाभ होतो. ज्या दुःखानं तुम्हाला निकामी केलं असं वाटत होतं, तेच दुसऱ्याच्या दारात तुमची लायकी ठरतं. कॉव्हेंट्रीच्या चहात कोण देत होतं आणि कोण घेत होतं, हे त्या चौघांनाही सांगता आलं नसतं.

एका प्रश्नावर मात्र मानसशास्त्र बराच काळ चुकलं, असं माझं मत आहे. फ्रॉइडनं १९१७ मधल्या एका निबंधात असं मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. पुढे कित्येक दशकं त्यावरून उपचार चालले. सोडून द्या, पुढे चला. खुद्द फ्रॉइडची मुलगी सोफी जानेवारी १९२० मध्ये फ्लूनं गेली. नऊ वर्षांनी त्याचा मित्र बिन्सवांगर याचा मुलगा वारला, तेव्हा फ्रॉइडनं त्याला पत्र लिहिलं. त्या दिवशी सोफी असती तर छत्तीस वर्षांची झाली असती. त्यानं लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की तीव्र दुःख ओसरतं, पण गेलेल्याची जागा कशानंही भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं, कारण तो जिव्हाळा सोडायची आपली इच्छाच नसते. निबंध लिहिणारा फ्रॉइड एक आणि समदुःखी बापाला पत्र लिहिणारा फ्रॉइड दुसरा. मला दुसरा जास्त खरा वाटतो.

त्या दुसऱ्या फ्रॉइडचं म्हणणं शास्त्रात यायला १९९६ उजाडलं. डेनिस क्लास हे अभ्यासक कंपॅशनेट फ्रेंड्सच्या सेंट लुइसमधल्या शाखेचे अनेक वर्षं सल्लागार होते. तिथल्या आईवडिलांचं बोलणं ऐकताना त्यांना दिसलं की सावरलेली माणसं मुलाला विसरलेली नसतात. ती त्याच्याशी मनात बोलतात, वाढदिवस करतात, निर्णय घेताना त्याला काय वाटलं असतं याचा विचार करतात. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या 'कंटिन्यूइंग बाँड्स' या पुस्तकानं हे नातं चालू राहणं निरोगी ठरवलं. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पण क्लास यांचं पुढचं निरीक्षण आपल्याही कामाचं आहे. गेलेल्याशी असलेलं नातं एकट्यानं जपलं की जड होतं. त्याला जाणणारी, त्याचं नाव उच्चारणारी चार माणसं भोवती असली की ते पेलतं. त्या बैठकांत आलेल्यांना एकमेकांच्या मुलांची नावं पाठ असायची. ज्या मुलाला कधी पाहिलं नाही, त्याची आवडनिवड ठाऊक असायची. ही नातलगांचीच लक्षणं नाहीत का?

आता दिल्लीला येऊ. १३ जून १९९७, शुक्रवार. ग्रीन पार्क भागातल्या उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर' त्याच दिवशी लागला होता. दुपारच्या खेळाच्या वेळी तळमजल्यावरच्या वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. सकाळीच त्याची दुरुस्ती झाली होती. शेजारी गाड्या लावलेल्या होत्या, आग त्यांना लागली आणि धूर जिन्यानं बाल्कनीत चढला. तिथे जादा खुर्च्या बसवून येण्याजाण्याची वाट अरुंद केलेली होती. सूचना देणारा आवाज आला नाही. ५९ माणसं गुदमरून गेली, १०३ जखमी झाली.

नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची सतरा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा त्यात होते. दोन्ही मुलं एकाच दुपारी. घर रिकामं झालं. नेमकं काय घडलं हे वर्तमानपत्रांतून समजू लागलं तसं त्यांच्या लक्षात आलं की हा दैवाचा घाला नाही, यात माणसांची हयगय आहे. न्यायालयात जायचं तर एकट्यानं जमणार नाही, बाकीची घरं शोधायला हवीत. पण बाकीची घरं कोणती? चित्रपटगृहात शेजारी बसलेल्यांची ओळख कुठे असते? त्यांनी वर्तमानपत्रांतली श्रद्धांजलीची पानं काढली. दिल्लीत माणूस गेला की 'उठाला' किंवा 'चौथा' कधी, कुठे, याची जाहिरात देतात. त्यात फोटो असतो, पत्ता असतो, बहुधा फोन नंबरही असतो. या जोडप्यानं त्या जाहिरातींतले नंबर टिपून फोन लावायला सुरुवात केली. पलीकडून काय प्रतिसाद येईल याची काही खात्री नव्हती. कुणी फोन ठेवू शकत होतं, कुणी रडू लागू शकत होतं. सुरुवातीला मूठभर घरं आली. महिना संपायच्या आत संघटना उभी राहिली, 'असोसिएशन ऑफ व्हिक्टिम्स ऑफ उपहार ट्रॅजेडी', आणि शेवटी तिच्यात २८ कुटुंबं झाली. एरवी एकमेकांच्या लग्नाला गेली नसती अशी ही घरं. भाषा वेगळ्या, पैशाअडक्याची स्थिती वेगळी. सोयरीक जुळली ती श्रद्धांजलीच्या जाहिरातीवरून.

पुढचा इतिहास तारखांचा आहे. जो कधी कोर्टाची पायरी चढला असेल त्याला 'तारीख' या शब्दाचं वजन माहीत असतं. ज्येष्ठ वकील के. टी. एस. तुलसी यांनी फी न घेता वकीलपत्र घेतलं. फौजदारी खटल्यात शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. दिल्ली उच्च न्यायालयानं २००३ मध्ये भरपाईचा निकाल दिला आणि देशातल्या अशा दुर्घटनांच्या कायद्यात तो मैलाचा दगड ठरला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रक्कम कमी केली. मालक असलेल्या अन्सल बंधूंसह आरोपींना शिक्षा झाली ती नोव्हेंबर २००७ मध्ये, दहा वर्षांनी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघा भावांना प्रत्येकी ३० कोटी रुपये दंड भरून तुरुंगाबाहेर राहू दिलं. या कुटुंबांनी पुन्हा अर्ज केले. कृष्णमूर्ती दांपत्यानं २०१६ मध्ये 'ट्रायल बाय फायर' हे पुस्तक लिहिलं. २०२३ मध्ये त्यावरची मालिका आली तेव्हा कुठे नव्या पिढीला हे सगळं कळलं.

या लोकांना बरं वाटलं का? खटल्यातून न्याय मिळाला असं ते स्वतः म्हणत नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पण त्यांच्या बाबतीत काय टिकलं ते पाहायला हवं. चित्रपटगृहासमोरच्या स्मृती उपवनात दर वर्षी १३ जूनला ही माणसं जमतात. ज्याच्या घरी आज काय वार आहे याचंही भान उरलं नव्हतं, त्याला पुढच्या तारखेसाठी कागद तयार ठेवावा लागला. झेरॉक्स काढावी लागली, साक्षीदाराला फोन करावा लागला, कुणाला घरून घेऊन जावं लागलं. हॉलंडमधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेन्क शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. दुःखातलं मन सरळ रेषेत बरं होत नाही, ते हेलकावे खातं. कधी गेलेल्याकडे तोंड, कधी रोजच्या जगण्याकडे. दोन्हीकडे जात-येत राहणं हेच निरोगीपण, कुठल्याही एका टोकाला अडकणं धोक्याचं. खटल्याची तारीख हा दोन्ही टोकांना एकदम स्पर्श करणारा दिवस असतो. मुलाचं नाव पुकारलं जातं आणि त्याच वेळी फाइलमधलं पान नंबर सत्तावीस सापडत नसतं.

म्हणून मला वाटतं, नुसतं दुःख सारखं असून भागत नाही, मध्ये ठेवायला काहीतरी काम लागतं. वेल्समधल्या ऍबरफान या खाणगावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतल्या राबिटाचा डोंगर घसरून प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. तिथली माणसं एका गावची असली तरी त्या दिवसानंतर घरोघरी गप्प झाली होती. बायकांनी दर आठवड्याला भेटायचा गट काढला आणि तो अर्ध्या शतकानंतरही भेटत होता. पुरुष बैठकांनंतर एकत्र गाऊ लागले आणि त्यातून अनिसोवेन पुरुष गायकवृंद उभा राहिला. खाणकामगार बाप रडायला एकत्र आले नसते. गायला आले.

आपल्याकडे हे काम नाटकानं केलं. विदर्भात शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्याच्या दारात सांत्वनाला येणाऱ्यांमागोमाग तलाठी येतो, पोलीस येतात. पंचनामा होतो आणि मग एक शब्द त्या घराला चिकटतो, पात्र किंवा अपात्र. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा हे सिद्ध झालं तर आत्महत्या पात्र. मग १ लाख रुपयांची मदत, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. सिद्ध झालं नाही तर अपात्र. नवऱ्याच्या मरणाला सरकारी शेरा मिळालेली बाई कुणापाशी रडणार? सासरचे सातबाऱ्यावर नाव लावू देतील की नाही ही धाकधूक असते. माहेरी भावजय असते. गावात कुजबुज असते की हिच्यामुळेच त्यानं केलं असेल. तेरवं झालं की तिचा प्रश्न सुटला असं गाव धरून चालतं.

श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं 'तेरवं' हे नाटक याच जागी बोट ठेवतं. नावातच सगळं आलं. त्यात काम करणाऱ्या बायका या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्याच. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या जातींच्या, रंगमंचावर कधी पाऊल न ठेवलेल्या. नाटक म्हटलं की तालीम आली, घराबाहेर राहणं आलं, एकीचं वाक्य अडलं की दुसरीनं सावरून घेणं आलं. जी गोष्ट घरी बोलायची चोरी, तीच इथे मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी म्हणायची. आणि रोज म्हणायची. एखाद्या समुपदेशकानं सुचवला असता तर या उपचारावर कुणी विश्वास ठेवला नसता.

या नाटकात काम केलेल्या वैशाली येडे यांना महाराष्ट्रानं पाहिलं ते ११ जानेवारी २०१९ रोजी. यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं होतं आणि त्यावरून मोठं वादळ उठलं होतं. शेवटी उद्घाटन केलं ते यवतमाळ जिल्ह्यातल्याच राजूर गावच्या या शेतकरी विधवेनं. आयोजकांची अडचण निभावली, हा भाग सोडा. साहित्यिकांच्या त्या मांडवात इतक्या ठामपणे उभं राहण्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सख्यांनी किती तालमी केल्या होत्या, याचा हिशेब मात्र संमेलनाच्या बातम्यांत कुठे आला नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. उपहारमध्ये ५९ माणसं गेली, पण सगळी घरं संघटनेत आली नाहीत. काहींना तो दिवस पुन्हा उगाळायचा नव्हता आणि तोही त्यांचा हक्क. एकाच घरात आईला बोलायचं असतं आणि बापाला गप्प राहायचं असतं, त्यामुळे अशा बैठकांना पुष्कळदा एकच जण येतो. गटात दुःखांची तुलनाही होते. अपघातात गेलेल्याची आई आणि आजारपणात गेलेल्याची आई एकमेकींना मनात मोजतात. शिवाय बहुतेक माणसं कुठल्याही गटाशिवाय, आपल्याच घरगोतात सावरतात, हेही अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. उलट काहींचं दुःख वर्ष उलटलं तरी पहिल्या आठवड्याइतकंच धारदार राहतं, जगणंच अडवून धरतं. २०२२ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संहितेत याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली, आणि त्याला डॉक्टरच लागतो. चहा पुरत नाही.

पण ज्यांना चहा पुरतो अशांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे चौदाव्या दिवसानंतरची सोय फारशी नाही. कंपॅशनेट फ्रेंड्सचे सदस्य डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता आपापल्या घरी मेणबत्ती लावतात. १९९७ पासूनची ही रीत आहे. एका देशात विझेपर्यंत पुढच्या देशात सात वाजलेले असतात. आपल्याला तेवढं मोठं काही करायची गरज नाही. स्टीफन्सला आपण मोठेपण देतो ते संस्था काढल्याबद्दल, आणि तिथेच चुकतो. त्याचं खरं काम, दोन घरांना एकमेकांकडे जाऊ देणं आणि आपण बाजूला होणं, इतकंच होतं.

तेव्हा तुमच्या ओळखीत अशी दोन घरं असतील, एकमेकांना न ओळखणारी, तर आधी दोघांनाही विचारा आणि मग एकाचा नंबर दुसऱ्याला द्या. पहिल्या भेटीला सोबत जावंसं वाटेल. जाऊ नका.